आधी आकडे, मग चौकोन: मोठ्या सिस्टिमचं आर्किटेक्चर शिकण्याचा क्रम

माझ्याकडे तपासायला येणारी सॉफ्टवेअर सिस्टिमची डिझाइनं बहुतेक वेळा एकाच चित्रानं सुरू होतात. डावीकडे मोबाइल, मध्ये एपीआय गेटवे (बाहेरून येणारी प्रत्येक मागणी आत घेणारं दार), उजवीकडे दहा-बारा सर्व्हिसेसचे (वेगवेगळ्या चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) चौकोन, खाली काफ्काचा (नोंदी रांगेत ठेवून पुढे देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आडवा पट्टा आणि सगळ्याभोवती कुबरनेटीसची (हे प्रोग्रॅम अनेक मशीनवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) चौकट. मी एकच विचारतो, "सकाळच्या गर्दीत सेकंदाला किती नोंदी येतात?" समोरचा पुन्हा चित्राकडे पाहतो. चित्रात ते उत्तर नसतं.

चित्र काढणारे हुशारच असतात. चार-सहा वर्षं बरा कोड लिहिलेला असतो. इंटरव्ह्यूसाठी टॅक्सीच्या ॲपचं आणि व्हिडिओच्या ॲपचं डिझाइन तोंडपाठ असतं. घोळ होतो तो क्रमात. जे चौकोन पाचव्या टप्प्यावर काढायचे ते पहिल्या दिवशी काढून होतात, आणि पुढचे सहा महिने त्या चौकोनांसाठी कारणं शोधण्यात जातात.

खालचा सराव नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार धरून साधारण तीन महिन्यांचा आहे. एक लॅपटॉप आणि एक जाड वही पुरते. क्लाउडचं बिल सातव्या टप्प्यापर्यंत शून्य आलं पाहिजे.

## तयारी: सरावाला खरा विषय घ्या

परदेशातल्या ॲपची नक्कल सरावाला घेऊ नका. तिथले आकडे आणि अडचणी तुम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे तुमचा निर्णय चुकला हे सांगणारं कोणी नसतं. विषय असा हवा की जिथे गाडी काढून जाता येईल, जिथे पैशांचा हिशेब होतो, तीन-चार प्रकारची माणसं एकाच कागदावर अवलंबून असतात आणि वर्षातून काही दिवस भयंकर गर्दी होते.

नागपुरात अशा जागांची कमी नाही. मेडिकलची ओपीडी आहे, आपली बसची तिकिटं आहेत, डिसेंबरात अधिवेशनाचे प्रवेश पास आहेत. मी या लेखासाठी कळमन्याचा संत्रा बाजार घेतोय, कारण त्यात वर सांगितलेलं सगळं आहे आणि वर दोन हंगाम आहेत: आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. समजा, आपल्याला बाजारातली आवक, बोली, वजन, हिशेबपट्टी (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीच्या हिशेबाचा कागद, बाजारात नुसती "पट्टी") आणि शेतकऱ्याचे पैसे सांभाळणारी सिस्टिम बांधायची आहे. आज एका बाजारासाठी, उद्या कदाचित राज्यातल्या सगळ्या बाजार समित्यांसाठी.

सावधान: विषय निवडताना टेक्नॉलॉजी ठरवू नका. "मला काफ्का शिकायचंय म्हणून हा विषय घेतो" असं म्हणालात तर उत्तर आधी ठरलं आणि प्रश्न नंतर शोधला. काफ्का शिकायचं तर वेगळा रविवार काढा.

## टप्पा १: काम उभं राहून पाहा

पहाटे जा. लॅपटॉप घरी ठेवा. गाडी गेटवर आल्यापासून शेतकऱ्याच्या हातात पैसे पडेपर्यंत जेवढे कागद तयार होतात तेवढ्यांचे नमुने गोळा करा, आणि प्रत्येक कागदाखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा: हा कोण लिहितो, कोण वाचतो, चुकला तर भांडण कोणाचं होतं, आणि उशीर झाला तर कोणाचं काम अडतं.

शेवटचे दोन प्रश्न नवशिके विचारतच नाहीत. पण "पट्टी नाही निघून राहिली भाऊ, गाडीवाला खोळंबून राहिला" हे एक वाक्य तुम्हाला सांगतं की पट्टी निघायला लागणारा वेळ ही या सिस्टिमची नाडी आहे. गेटवरची नोंद पाच मिनिटं उशिरा चढली तर कोणाला फरक पडत नाही. पट्टी पाच मिनिटं अडली तर भाड्याची गाडी अडते.

सरळ मार्ग कोणालाही कळतो. वही भरली पाहिजे ती वाकड्या मार्गांनी. एका गाडीत तिघा शेतकऱ्यांचा माल आहे. बोली झाल्यावर खाली खराब माल निघाला म्हणून भाव पाडला. शेतकऱ्यानं आधी उचल घेतली होती, ती आज कापायची आहे. पट्टी निघाल्यावर वजनात चूक सापडली. व्यापारी म्हणतो, अर्धे पैसे आज, अर्धे सोमवारी. पुढे डिझाइन मोडलं तर ते इथेच मोडतं.

तपासा: न पाहता असे निदान सात अपवाद सांगता येतात का? तीनच येत असतील तर पुढचा टप्पा नको, पुन्हा एकदा पहाटे जा.

## टप्पा २: आकडे मांडा, गृहीतकांसकट

आयटी पार्कच्या रस्त्यावर तर्री-पोह्याच्या गाडीशी होणारे निम्मे वाद या टप्प्यावरच मिटतात. खालचे आकडे सरावासाठी धरलेले आहेत. तुम्ही स्वतः मोजून बदला, फक्त पद्धत तीच ठेवा.

धरू की हंगामात रोज ६०० गाड्या येतात. एका गाडीमागे गेट, बोली, काटा, कपाती, पट्टी, पैसे, जावक मिळून १२ नोंदी. म्हणजे दिवसाला ७,२०० नोंदी. काम चार तासांत उरकतं, म्हणजे १४,४०० सेकंदांत. सरासरी सेकंदाला अर्धी नोंद. सरासरीवर कधी डिझाइन करायचं नाही, म्हणून गर्दीच्या मिनिटासाठी दहापट धरा: सेकंदाला ५ नोंदी.

सेकंदाला ५ नोंदी एका साध्या सर्व्हरवरची पोस्टग्रेस डेटाबेस आरामात घेते. मग राज्यभर नेलं तर? महाराष्ट्रात बाजार समित्या ३०० च्या आसपास आहेत. सगळ्या कळमन्याएवढ्या मोठ्या आणि सगळ्यांची गर्दी एकाच मिनिटाला, असं अशक्य चित्र धरलं तरी सेकंदाला १,५०० नोंदी होतात. नीट बांधलेल्या एका बऱ्यापैकी मशीनच्या हे आवाक्यातलं आहे. लिहिण्याच्या भारासाठी काफ्का हवंच, हे म्हणणं इथे संपलं.

आता वाचणारे मोजा. समजा, २,००० जण मोबाइलवर चालू भाव पाहतायत आणि ॲप दर ५ सेकंदांनी विचारतं. सेकंदाला ४०० वाचनं. म्हणजे वाचन लिहिण्याच्या ८० पट. खरा भार इथे आहे, आणि त्याचं उत्तरही स्वस्त आहे: भाव २ सेकंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवला तरी कोणाचं बिघडत नाही.

साठवणूक पाहा. दिवसाला ७,२०० नोंदी, वर्षाचे ३०० दिवस, नोंद १ केबीची: वर्षाला २ जीबीच्या थोडं वर. काहीच नाही. पण कोणी म्हणालं, "काट्यावर प्रत्येक गाडीचे दोन फोटो ठेवू", आणि फोटो ३०० केबीचा धरला, तर रोजचे ३६० एमबी, वर्षाचे १०८ जीबी. एका वाक्यानं साठवणूक पन्नासपट झाली. फोटो डेटाबेसमध्ये टाकायचे नाहीत, फाइल स्टोअरमध्ये टाकून डेटाबेसमध्ये फक्त पत्ता ठेवायचा, हा निर्णय या आकड्यातून आला.

नेहमीची चूक: "स्केलेबल पाहिजे" असं लिहून मोकळं होणं. किती, कधीपर्यंत आणि कशाच्या जोरावर, हे नसेल तर ते वाक्य खोडा.

## टप्पा ३: अटी मोजता येतील अशा लिहा

"फास्ट", "सुरक्षित", "चोवीस तास चालू" या शब्दांवरून डिझाइन करता येत नाही. प्रत्येक अट एका प्रसंगाच्या रूपात लिहा. प्रसंगात सहा गोष्टी हव्यात: कोणी केलं, काय केलं, सिस्टिमच्या कोणत्या भागावर, कोणत्या परिस्थितीत, सिस्टिमनं काय करावं आणि ते कशानं मोजायचं. नमुना:

"आंबियाच्या हंगामात, सकाळी ६ ते १० मध्ये, इंटरनेट बंद असताना काटेवाल्यानं वजन नोंदवलं, तर काट्यावरच्या मशीननं २ सेकंदांत ते साठवून पावती द्यावी. नेट आल्यावर १० मिनिटांत ते मुख्य हिशेबात पोचावं. एकही वजन हरवू नये, एकही दोनदा चढू नये."

असे आठ-दहा प्रसंग पुरेत. मग त्यांना क्रम लावा, आणि वरच्या तिघांसाठीच डिझाइन वाकवा. सगळ्यांसाठी वाकवायला गेलात तर काहीच उभं राहत नाही.

उपलब्धतेचा आकडा लिहिताना घड्याळ पाहा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. ते रविवारी रात्री गेले तर कोणाला कळणारही नाही. हंगामातल्या दोन सकाळी गेले तर संत्री गाडीतच तापतील. म्हणून अट बाजाराच्या वेळेपुरती वेगळी लिहा.

कायदाही याच टप्प्यावर येतो, शेवटी नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (सिस्टिमच्या कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. आता विचार करा: लॉग इतके दिवस राहणार असतील तर त्यात शेतकऱ्याचा खातेक्रमांक उघडा असून चालेल का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहता मोबाइल, खातं, पत्ता ही माहिती एकाच ठिकाणी ठेवायची आणि बाकी सगळीकडे फक्त आयडी फिरवायचा, हे आत्ताच ठरवलेलं बरं. नंतर डेटाबेसच्या चाळीस टेबलांमधून खातेक्रमांक वेचून काढणं किती जीवघेणं असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

## टप्पा ४: सीमा आखा, शब्दांवरून

मला विचाराल तर हाच खरा शिकण्याचा टप्पा. इथे तीन आठवडे गेले तरी हरकत नाही.

पहिल्या टप्प्यात लिहिलेले शब्द काढा आणि प्रत्येक शब्दाचा बाजारातल्या कोणत्या टेबलावर काय अर्थ होतो ते पाहा. "शेतकरी" म्हणजे गेटवर माल घेऊन आलेला माणूस, मग तो पुतण्या का असेना. पैशांच्या टेबलावर "शेतकरी" म्हणजे ज्याच्या नावानं बँक खातं आहे तो. "माल" म्हणजे गेटवर गाडी, बोलीत ढीग, काट्यावर किलो, पट्टीत रुपये. एकच शब्द जिथे अर्थ बदलतो, तिथे सीमा आहे. जाणकार याला बाउंडेड कॉन्टेक्स्ट म्हणतात.

नवशिके याच्या उलट करतात. डेटाबेसमध्ये "शेतकरी" नावाचं एक टेबल, त्याला ७० कॉलम आणि सगळ्या मॉड्यूलचे (सॉफ्टवेअरच्या भागांचे) हात त्यात. मग गेटवाल्यांनी एक कॉलम बदलला की पट्टी बंद.

सीमा आखल्यावर हे नियम लावा.

प्रत्येक आकड्याला एकच मालक. वजन काट्याचं, भाव बोलीचा, रक्कम पट्टीची. मालकाशिवाय त्या टेबलात कोणी लिहायचं नाही. वाचायचं असेल तर मालकाला विचारायचं.

पट्टी बनते तेव्हा त्या क्षणाचं नाव, वजन, भाव आणि कपातीचे दर तिच्यात उतरवून घ्या. फक्त आयडी जोडून ठेवलात आणि उद्या शेतकऱ्याच्या नावातली चूक दुरुस्त केली, तर मागच्या वर्षीची छापलेली पट्टी आणि स्क्रीनवरची पट्टी वेगळी दिसेल.

चूक खोडायची नाही, उलट नोंद करायची. जुना मुनीम कीर्दीत खाडाखोड करत नसे. चुकीची रक्कम उलटी फिरवून नवी लिहीत असे. पैशांच्या टेबलात अपडेट आणि डिलीट बंद करा, म्हणजे टप्पा १ मधला "पट्टी निघाल्यावर चूक सापडली" हा अपवाद आपोआप सुटतो.

रक्कम पूर्णांक पैशांत ठेवा, दशांश फ्लोटमध्ये (संगणकाच्या अंदाजी दशांश प्रकारात) ठेवू नका. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. आणि रुपयाला पूर्णांक करताना उरलेले पैसे कोणाच्या पारड्यात जातात हे लिहून ठेवा. भांडण त्यावरूनही होतं.

तपासा: सीमा बरोबर आहेत का हे पाहायला जुना बदल घ्या. २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्यावरची अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. तुमच्या डिझाइनमध्ये हा बदल किती मॉड्यूलना शिवतो? एकट्या पट्टीला शिवत असेल तर सीमा ठीक. गेट, बोली, एसएमएस आणि रिपोर्ट सगळीकडे हात घालावा लागत असेल तर वही पुन्हा उघडा. आणि एक पुढचा प्रश्न: बदलाच्या आदल्या दिवशीची पट्टी आज पुन्हा तपासली तर जुन्याच नियमानं बरोबर येते का? येत नसेल तर नियमांना "केव्हापासून लागू" ही तारीख जोडायची राहिली आहे.

## टप्पा ५: आता चौकोन, तेही कमीत कमी

सुरुवात एकाच डब्यानं करा: एक कोडबेस, एक डेटाबेस, एकदाच डिप्लॉय (सर्व्हरवर चढवणं), पण आत वरच्या सीमांप्रमाणे वेगळी मॉड्यूल. त्यातून तुकडा बाहेर काढायचा असेल तर तीनच कारणं मी मान्य करतो: त्याचा भार फार वेगळा आहे, तो बिघडला तरी बाकीचं चालू राहिलं पाहिजे, किंवा तो मुळात दुसऱ्या जागी चालतो.

आपल्या उदाहरणात ही कारणं लावून पाहा. भावफलकाचा भार वेगळा, सेकंदाला ४०० वाचनं: बाहेर. बँकेला पैसे पाठवणारं काम दुसऱ्याच्या सिस्टिमवर अवलंबून: बाहेर. काटा नेटशिवाय चालायला हवा: बाहेर, काट्यावरच्याच मशीनवर. गेट, बोली, पट्टी एकत्र. झाले चार डबे. सुरुवातीच्या चित्रात बारा होते.

जास्त डबे फुकट येत नाहीत. एका कामासाठी पाच सर्व्हिसेस एकामागून एक लागत असतील आणि प्रत्येक ९९.९ टक्के चालू असेल, तर सगळ्या एकत्र ९९.५ टक्केच चालू असतात. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तासांचे जवळजवळ ४४ तास झाले. शिवाय एकाच डब्यातला फंक्शन कॉल वाटेत हरवत नाही. नेटवर्कवरचा हरवतो.

टीमही मोजा. संस्था जशा आपसात बोलतात तशाच आकाराच्या सिस्टिम त्या बांधतात, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच मांडून ठेवलंय. पाच माणसांच्या टीमनं अठरा सर्व्हिसेस बांधलेल्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येकाच्या नावावर साडेतीन पोरं, आणि रात्री फोन मात्र एकालाच.

प्रत्येक मोठा निर्णय घेतल्या दिवशीच लिहून ठेवा. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सुचवलेला छोटा साचा पुरतो. असा:

निर्णय ३: पट्टी आणि बोली एकाच डेटाबेसमध्ये
स्थिती: मान्य.
संदर्भ: गर्दीत सेकंदाला ५ नोंदी. भाव ठरणं आणि पट्टी बनणं यांत तफावत राहिली तर पैशांचं भांडण होतं. टीम पाच जणांची.
निर्णय: दोन्ही मॉड्यूल एका डेटाबेसमध्ये, एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतात, नाहीतर एकही होत नाही). टेबलं वेगळी, एकमेकांच्या टेबलात लिहिण्यास मनाई.
परिणाम: हिशेब कायम जुळतो. डेटाबेस बंद पडली तर दोन्ही बंद. नोंदी सेकंदाला ५०० वर गेल्या तर हा निर्णय पुन्हा उघडायचा.

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. निर्णय कधी चुकीचा ठरेल हे आधीच लिहिलेलं असलं की पुढे वाद माणसांवर जात नाही. "परिणाम" मध्ये एकही तोटा नसेल तर तो निर्णय कागदावर प्रामाणिकपणे उतरलेला नाही.

चित्राबद्दल फार बोलत नाही. सायमन ब्राउन यांच्या सी-फोर या चित्रं काढण्याच्या पद्धतीतल्या चारपैकी वरच्या दोन पातळ्या काढा: सिस्टिम आणि तिच्याभोवतीची माणसं, मग आतले डबे. प्रत्येक बाणावर काय जातं आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहतो की नाही, एवढं लिहा. बिननावाचा बाण चालत नाही.

## टप्पा ६: मोडून पाहा, कागदावर

प्रत्येक बाणावर बोट ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. समोरचा बंद असला तर? समोरचा हळू असला तर? समोरच्यानं काम केलं पण उत्तर वाटेत हरवलं तर?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा घातक आहे, आणि त्याचा हिशेब असा. सिस्टिममध्ये एका वेळी अडकलेल्या रिक्वेस्ट म्हणजे सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ. याला लिटलचा नियम म्हणतात. सेकंदाला ५, प्रत्येकी ०.२ सेकंद: एका वेळी १. आता पट्टी बनवतानाच बँकेला कॉल केला आणि बँक ३० सेकंद घेऊ लागली: ५ गुणिले ३०, म्हणजे १५० अडकल्या. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची मर्यादा मुळात १०० असते. प्रत्येक अडकलेल्या रिक्वेस्टनं एक जोडणी धरून ठेवली तर वीस सेकंदांत सगळं ठप्प, गेटवरच्या नोंदीसुद्धा, ज्यांचा बँकेशी काही संबंध नव्हता. बँक बंद असती तर लगेच एरर आली असती आणि बाजार चालू राहिला असता.

तिसऱ्या प्रश्नाची फी मी भरली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या पेमेंट मॉड्यूलमध्ये मी लिहिलं होतं: ३० सेकंदांत उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव, तीनदा. एका दुपारी बँकेची बाजू रेंगाळली. पैसे जात होते, उत्तर येत नव्हतं. माझा कोड इमानेइतबारे पुन्हा पाठवत राहिला. काही जणांच्या खात्यात दोनदा, काहींच्या तीनदा रक्कम गेली. परत मागायला फोन करायचं कामही मलाच मिळालं, आणि ते योग्यच होतं.

उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरायचं नसतं. दुरुस्ती अशी करा:

१. पट्टी पक्की होते त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये "पाठवायचे पैसे" या टेबलात एक ओळ टाका. पट्टी आहे पण पैशांची ओळ नाही, असं मग होऊच शकत नाही. याला आउटबॉक्स म्हणतात.

२. वेगळा वर्कर (मागे सतत चालणारा छोटा प्रोग्रॅम) ती ओळ उचलतो आणि बँकेला पट्टी क्रमांक हाच संदर्भ म्हणून पाठवतो. टेबलात त्या क्रमांकावर युनिक बंधन, म्हणजे तोच क्रमांक दोनदा चढणार नाही. अर्धे आज, अर्धे सोमवारी असतील तर क्रमांकापुढे हप्ता जोडा.

३. स्थिती तीन ठेवा: गेले, फसले, माहीत नाही. तिसरीशिवाय ही सिस्टिम बांधूच नका.

४. "माहीत नाही" असेल तर आधी चौकशी, मगच पुन्हा पाठवणं. प्रत्येक प्रयत्नानंतर थांबायचा वेळ वाढवा आणि त्यात थोडा कमी-जास्तपणा ठेवा, नाहीतर अडकलेले सगळे एकाच सेकंदाला पुन्हा धडकतील.

काट्याचं पण पाहा. नेट नसताना पावतीला क्रमांक कुठून येणार? मध्यवर्ती मोजणी ठेवलीत तर काटा अडला. प्रत्येक काट्याला स्वतःची मालिका द्या: क१-०००१, क२-०००१. कर लागणाऱ्या मालासाठी हीच सिस्टिम पुढे वापरायची झाली तरी अडत नाही. जीएसटीच्या नियमांत इन्व्हॉइस क्रमांक १६ अक्षरांच्या आत, सलग आणि आर्थिक वर्षात एकमेव हवा, पण मालिका एकापेक्षा जास्त चालतात. काट्यावरच्या मशीनच्या घड्याळावरून मात्र नोंदींचा क्रम ठरवू नका. घड्याळं पुढे-मागे होतात, मालिका होत नाही.

आणि ते मशीन टिनाच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर मे महिना आठवा. ४५ अंशांत माणूस सावली शोधतो, मशीन शोधू शकत नाही. आर्किटेक्चरमध्ये पंखा आणि यूपीएस पण येतो, कोणी काहीही म्हणो.

सावधान: बॅकअप घेतलाय हे उत्तर नाही. तो परत चढवून पाहिलात का, किती वेळ लागला, आणि शेवटच्या किती मिनिटांच्या नोंदी गेल्या? हे तीन आकडे वहीत हवेत.

## टप्पा ७: एक बारीक धागा आरपार बांधा

सगळं बांधू नका. एक गाडी, एक बोली, एक वजन, एक पट्टी, एक खोटी बँक. खोटी बँक मुद्दाम वाईट बनवा: दहातल्या एका वेळी ३० सेकंद लावणारी, वीसातल्या एका वेळी पैसे पाठवून उत्तर न देणारी.

मग के-सिक्स किंवा जेमीटर या भार-चाचणीच्या साधनानं टप्पा २ मधला गर्दीचा भार अर्धा तास टाका, आणि नंतर त्याच्या तिप्पट. सरासरी वेळ पाहू नका. १०० रिक्वेस्टपैकी ९८ ना ०.१ सेकंद आणि दोघींना १० सेकंद लागले तरी सरासरी ०.३ सेकंदांच्या आत दिसते. नव्व्याण्णवावा शतमक पाहा, म्हणजे १०० पैकी ९९ रिक्वेस्ट ज्या वेळात उरकतात तो वेळ. भार चालू असताना डेटाबेस एकदा बंद करून चालू करा, काट्याची वायर उपटा. शेवटी एकच क्वेरी: पट्ट्यांची बेरीज आणि खोट्या बँकेनं दिलेल्या रकमेची बेरीज जुळते का? एका पैशाचा फरक असेल तर टप्पा ६ मध्ये परत.

## टप्पा ८: तिघांपुढे मांडा

एक डेव्हलपर, एक रात्री सर्व्हर सांभाळणारा, आणि एक पट्टी वाचता येणारा माणूस. तिसऱ्याला वगळू नका. माझ्या एका डिझाइनमधली सगळ्यात मोठी चूक एका दिवाणजींनी चहा संपायच्या आत काढली होती: "साहेब, याच्यात उचल कुठी कापता?"

चित्र दाखवत बसू नका. टप्पा ३ मधले वरचे तीन प्रसंग घ्या आणि प्रत्येक प्रसंग डब्यांतून बोटानं चालवत न्या. जिथे तुम्ही "ते होऊन जाईल" म्हणाल तिथे समोरच्यानं लाल खूण करायची. एक तास पुरे. लाल खुणा दहापेक्षा कमी आल्या तर माणसं बदला, ती भिडस्त आहेत.

खुणा निस्तरा, निर्णयांच्या नोंदी सुधारा आणि वही तीन महिने बाजूला ठेवा. मग पुढच्या बहाराला पुन्हा पहाटे कळमन्यात जा, गाड्या मोजा, आणि टप्पा २ मधल्या प्रत्येक गृहीतकासमोर लाल पेनानं खरा आकडा लिहा.